किरकोळ म्हणावा असा जोड नसतो



वेल्ड-तपासणी परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने पिंपरी-चिंचवडच्या या उद्योगनगरीत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरीच्या माळावर शेडमागून शेड उभ्या राहिल्या. आज इथे तयार झालेल्या टाक्या, प्रेशर व्हेसल, बॉयलरचे भाग साखर कारखान्यांत, डेअऱ्यांत, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत बसतात. तिथे पाळीवर उभा असलेला माणूस आपल्याला ओळखत नाही. त्याचा जीव मात्र आपल्या जोडावर असतो.

पाहुण्यांपुढे परिसराची महती सांगायची, ही स्वागताध्यक्षाची रीत. ती आवरती घेऊन मी एका जोडाबद्दल बोलणार आहे.

27 मार्च 1980 च्या संध्याकाळी उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतला ‘अलेक्झांडर एल. किलँड’ हा पाच पायांचा तरंगता तळ वादळात सापडला. तेलक्षेत्रावरच्या कामगारांची राहण्याची सोय त्यावर होती. तळाचा एक पाय तुटला आणि अर्ध्या तासाच्या आत तळ उलटला. 212 माणसांपैकी 123 गेली. चौकशी आयोगाने तुटण्याची सुरुवात शोधत नेली, तेव्हा ती पाय बांधून ठेवणाऱ्या एका आडव्या नळीवर सापडली. त्या नळीला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारे उपकरण, बसवण्यासाठी एक आधार जोडला होता. तो जोड 6 मिमीच्या फिलेट वेल्डचा. तळाचा भार पेलण्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्याच्याकडे मुख्य जोडासारखे कुणी पाहिले नाही. तिथून चीर निघाली, लाटांच्या माऱ्याने वाढत गेली आणि नळी तुटली. उरलेल्या नळ्यांना तो भार झेपला नाही. आयोगाला चिरेच्या आत रंग सापडला. रंगकाम यार्डातच झालेले, म्हणजे तळ समुद्रात जाण्याआधीच चीर पडलेली होती. रंगाचा हात फिरण्याआधी तिथे तपासणाऱ्याची नजर फिरायला हवी होती.

आपल्या शॉपमध्ये असे जोड रोज पडतात. टाकीचा शेल जुळवताना फिटर प्लेटवर तात्पुरती क्लीट, म्हणजे पकडपट्टी, टॅक करतो आणि काम झाले की हातोड्याने पाडतो. क्लीट निघते, पण प्लेटचा लचका घेऊन निघते. मग त्यावर ग्राइंडर फिरतो, रंग बसतो. मुख्य शिवणीची रेडिओग्राफी होते, फाइलला फिल्म लागते. या डागाला मात्र कुठल्याच कागदावर जागा नसते. लिफ्टिंग लग आणि नेमप्लेटचा ब्रॅकेट यांचीही तीच गत. डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट, टेस्टला खर्च तरी किती येतो? जागा साफ करायची, लाल द्रव लावायचा, दहा मिनिटे थांबायचे, नीट पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असली तर त्या पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. एकदा ती रेघ पाहिलेला वेल्डर पुन्हा क्लीटवर हातोडा उचलत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा दमट असते. 7018 ची वेल्डिंग रॉड ओव्हनबाहेर उघडी राहिली की ओल धरते, त्या ओलीतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि चीर पडते. ही चीर लगेच दिसेलच असे नाही. जाड आणि कडक पोलादात ती दोन दिवसांनीही उघडते. म्हणून अशा कामात 48 तास थांबून तपासणी करायची असते. पण गाडी गेटवर उभी असते, पार्टीचे फोन चालू असतात, आणि संध्याकाळच्या वेल्डवर सकाळीच ‘ओके’ लिहिले जाते.

त्या क्षणी निरीक्षक एकटा पडतो. तो आपल्याच पगारावर असतो आणि त्याने नाही म्हटले की डिस्पॅच अडतो. इरिडियमचा सोर्स घेऊन रात्रभर फिल्म काढणारा रेडिओग्राफर असो की हातात आरसा-बॅटरी घेऊन नोझलच्या आत डोकावणारा तरुण मुलगा असो, त्याच्या शब्दामागे मालक उभा नसेल तर यंत्रे कितीही महाग आणा, तपासणी कागदावरच राहील. हे मी मालकांच्या वतीने, मालकांनाच सांगतो आहे.

परिषदेच्या या दोन दिवसांत अल्ट्रासॉनिक तपासणीच्या नव्या पद्धतींवर तज्ज्ञ बोलतील. ते जरूर ऐका. वेल्डर मित्रांनो, प्रश्न विचारताना मागे राहू नका. रूट रन, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, कुठे बसत नाही, हे तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. आणि उद्योजक मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे. परत गेल्यावर आपल्या क्वालिटी प्लॅनमध्ये दोन ओळी वाढवा: तात्पुरता जोड काढलेली प्रत्येक जागा तपासली जाईल, आणि निरीक्षकाने थांबवलेला माल त्याच्या सहीशिवाय गेटबाहेर जाणार नाही. त्याखाली सही मात्र तुमची स्वतःची असू द्या.