पेला, कॉफीचं भांडं आणि लसूण

तैलरंग शिकू पाहणाऱ्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात: समोर वस्तू मांडा आणि रंगवायला लागा. मी म्हणेन, जरा थांबा. आधी एखाद्या मातब्बर चित्रकाराचं स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, निवडा आणि ते जसंच्या तसं उतरवून काढा.

नक्कल म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडली जातात. पण पुढे रंगांच्या बाबतीत भलता बंडखोर निघालेला फ्रेंच चित्रकार आंरी मातीस याच वाटेने गेला. त्याचे गुरू गुस्ताव्ह मोरो विद्यार्थ्यांना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नकला करायला पाठवत. तिथे १८९३ साली मातीसने दे हीम या सतराव्या शतकातल्या चित्रकाराचं फळफळावळीने भरलेलं टेबल रंगवलं. १९१५ साली त्याने तोच विषय पुन्हा घेतला, तो मात्र स्वतःच्या धाटणीने. लूव्र आजही नक्कल करणाऱ्यांना परवाना देतं. अटी अशा, की माप मूळ चित्राएवढं असता कामा नये आणि मूळ सही उतरवायची नाही.

नवशिक्याने मात्र दे हीमच्या भरगच्च टेबलाच्या वाटेला जाऊ नये. त्याने शार्दँ घ्यावा. अठराव्या शतकातला हा पॅरिसचा चित्रकार. त्याचं १७६०च्या सुमाराचं एक चित्र अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. रुंदी जेमतेम ४१ सेंटिमीटर. त्यात पाण्याचा पेला, कॉफीचं तपकिरी भांडं आणि लसणाचे गड्डे. पेला वर रुंद, खाली निमुळता; भांडं नेमकं उलटं. दोघांची जोडी त्यामुळेच जमते, आणि हे हाताने रेखाटायला घेतल्यावर पटकन ध्यानात येतं.

पुरं झालेलं चित्र आपल्याला फक्त शेवटचा थर दाखवतं. तयार रस्सा चाखून फोडणीत आधी काय पडलं ते ओळखावं, तसं नक्कल करताना मागे मागे जावं लागतं. म्हणून लसणाला लगेच हात लावू नका. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर आधी नुसता उजेड-अंधार मांडा. डोळे किलकिले करून पाहिलं, की छटांचे तीन-चार मोठे तुकडे दिसतात. ते जागच्या जागी बसले, तरच पुढे जा.

मग रंगाचे थर. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा नियम मोडू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खालचा थर तेलकट असला, तर वरचा आधी सुकतो आणि पुढे तडकतो.

आता पेला. काच रंगवायची नसते. पेल्यातून मागची भिंत दिसते, ती रंगवायची. मग पाण्याची रेघ, थोडी कड, एखादी चमक. चमक अगदी शेवटी. लसणाला ट्यूबमधला पांढरा थेट लावून बघा, तो खडूचा दिसेल. त्या पांढऱ्यात करडा, पिवळसर रंग कालवा. शेजारचा अंधार नीट सांभाळलात, की तोच गड्डा पांढरा वाटायला लागतो. अशी अडचण आली, की मूळ चित्राकडे पुन्हा बारकाईने बघावं लागतं, आणि नकलेची खरी कमाई तीच.

छापील प्रतीवरून काम करत असाल, तर तिच्या रंगांवर फार विसंबू नका. छपाईत तपकिरी रंग हमखास बदलतात. छटांच्या उतरंडीवर भर द्या. चित्राच्या मागे ‘शार्दँवरून’ असं लिहा आणि खाली आपलं नाव.

नक्कल झाली, की ती बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातून काचेचा पेला, पितळेचा तांब्या आणि लसूण आणा, एका बाजूने खिडकीचा उजेड येईल असे मांडा आणि त्याच क्रमाने रंगवा. पितळेचं काय करायचं, हे शार्दँच्या या चित्रात सापडणार नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि क्रम हाताशी असल्यामुळे ते ठरवता येईल.