किंग वाचायचा, पण सुरुवात कुठून?



स्टीफन किंग मी चुकीच्या पुस्तकापासून वाचायला घेतला. 'द स्टँड'ची १९९० साली आलेली, काटछाट न केलेली आवृत्ती. अकराशेहून जास्त पानं. दोनशेव्या पानाच्या आसपास पात्रांची नावं डोक्यात गोंधळायला लागली, पुस्तक उशाशी पडून राहिलं आणि मुदत संपल्यावर वाचनालयात परत गेलं. पुढची तीन वर्षं मी किंगला हात लावला नाही. त्या तीन वर्षांची चुटपुट मला अजून आहे, म्हणून आजचा विषय मी मागून घेतला.

किंगचा जन्म १९४७चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातला. साठहून अधिक कादंबऱ्या आणि दोनशेच्या आसपास कथा त्याच्या नावावर आहेत. एवढं समोर आलं की आपण पहिल्या पुस्तकापासून क्रमानं जायचं ठरवतो. त्याची काही गरज नाही. पहिलं पुस्तक 'कॅरी', १९७४चं. त्याची सुरुवातीची पानं किंगनं कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. त्याची बायको टॅबिथा हिनं ती काढून, सिगारेटची राख झटकून वाचली आणि पुढे लिही म्हणून सांगितलं. तेव्हा तो शाळेत शिकवत होता, राहायला ट्रेलरचं घर होतं आणि घरातला फोन परवडत नाही म्हणून काढून टाकलेला होता. हे मी मुद्दाम सांगतोय. किंगच्या लेखनात भूत नंतर येतं. आधी येतात थकलेली बिलं, आजारी मूल, दारूच्या वासानं घरी आलेला बाप. त्यामुळे सुरुवात अशा ठिकाणाहून करावी, जिथे हे घर सगळ्यांत जवळून दिसतं.

आता एक गंमत. या सभागृहातल्या बऱ्याच जणांनी किंग आधीच वाचलेला आहे, फक्त त्यांना ते ठाऊक नाही. नारायण धारपांची 'लुचाई' वाचलीये ना? तिच्या मुळाशी किंगची 'सेलम्स लॉट' आहे. 'शपथ'च्या मुळाशी 'इट' आहे. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा 'तुंबाड' पाहिलात? त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलं, पण कथेचं बीज धारपांच्या 'आजी'त आहे आणि 'आजी'चं बीज किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत. एक म्हातारी मेनहून निघाली आणि धारपांचा हात धरून थेट कोकणात पोचली! धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. त्यांनी ही बीजं आपल्या वाड्यांत, आपल्या देवघरांच्या शेजारी अशी रुजवली की परकेपणा जाणवतच नाही. त्यांचं हे ऋण मी मनापासून मानतो.

म्हणून मराठी वाचकाला माझं सांगणं आहे की 'ग्रॅमा'पासून सुरुवात करा. जॉर्ज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा. थोरला भाऊ खेळताना जखमी झालाय, आई घाईघाईनं इस्पितळात निघालीये. घरात जॉर्ज आणि अंथरुणाला खिळलेली, आंधळी, अवाढव्य आजी. आई जाताना सूचना देते : आजी उठली तर चहा दे. बस, इतकंच. पण जॉर्ज लहान असताना ही आजी त्याला मिठी मारायला बोलवायची आणि तो भेदरून रडायचा. आता तो मोठा झालाय, आपण घाबरत नाही असं त्याला आईला दाखवायचंय. मग आजीच्या खोलीतला श्वासाचा आवाज थांबतो. फोन बंद. पोरगा आजीच्या नाकाखाली आरसा धरून बघतो. आरशावर वाफ येत नाही.

पुढचं सांगणार नाही. पण तो आरसा बघा. तोवर कथेत एकही चमत्कार झालेला नाही, तरी तळहाताला घाम सुटतो. घरात कुणाच्या शेवटच्या आजारपणात एकट्यानं बसायची वेळ ज्याच्यावर आलीये, त्याला या पानांसाठी शब्दकोश लागणार नाही. इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसलेल्यांनी तर बिचकूच नये. किंगचं इंग्रजी बोलण्यातलं आहे. अडतात ती तिकडच्या किराणा दुकानातल्या वस्तूंची नावं. ती सोडून द्यावीत आणि पुढे जावं.

त्यानंतर 'द शायनिंग', १९७७. कोलोरॅडोतलं स्टॅनली हॉटेल हंगाम संपून बंद व्हायच्या बेतात असताना किंग नवराबायको तिथे मुक्कामाला होते, खोली क्रमांक २१७. लांबलचक मोकळे व्हरांडे, बाकी पाहुणे नाहीत. त्यातून हे पुस्तक आलं. त्यावरचा कुब्रिकचा सिनेमा पाहिला असेल तरी वाचा. सिनेमातला बाप पहिल्यापासूनच बिघडलेला वाटतो. पुस्तकातला बाप मुलावर जीव टाकतो, दारू सुटावी म्हणून झगडतो, आणि म्हणून त्याचं घसरणं बघवत नाही. किंग स्वतः तेव्हा दारूत बुडत चालला होता. आपण आपल्याबद्दलच लिहितोय हे त्याला फार उशिरा उमगलं, हे त्यानंच पुढे 'ऑन रायटिंग' या आठवणींच्या पुस्तकात कबूल केलंय.

मग 'पेट सेमेटरी', १९८३. माझ्या मते ही त्याची सगळ्यांत श्रेष्ठ कादंबरी. किंग कुटुंब मेनमधल्या ऑरिंग्टन गावात भाड्यानं राहत होतं. घरासमोरून रात्रंदिवस ट्रक धावायचे. मागच्या रानात गावातल्या पोरांनी मेलेल्या कुत्र्यामांजरांसाठी दफनभूमी केली होती. तिच्या नावातलं स्पेलिंग पोरांनी चुकवलेलं, आपल्याकडचं मूल 'स्मशान'मधला 'श' पोटफोड्या करील तसं. मुलीचं मांजर ट्रकखाली गेलं, ते तिथेच पुरलं. आणि एके दिवशी धाकटा मुलगा त्याच रस्त्याकडे धावत सुटला. तो वाचला. पण तो वाचला नसता तर, हा विचार किंगच्या डोक्यातून जाईना. लिहून झाल्यावर त्यालाच ते इतकं भयंकर वाटलं की हस्तलिखित त्यानं बाजूला ठेवून दिलं. प्रकाशकाशी असलेल्या करारातून मोकळं होण्यासाठी ते शेवटी बाहेर काढलं. घरात रांगतं मूल असेल तर दोन वर्षं थांबा, मग वाचा.

भीतीच नको असेल तर 'डिफरंट सीझन्स', १९८२, चार दीर्घकथा. 'द शॉशँक रिडेम्प्शन' हा सिनेमा यातल्याच एका कथेवरचा. 'इट' आणि 'द स्टँड' चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर. 'डार्क टॉवर'ची मालिका त्याहून पुढे.

इथे येण्याआधी वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला विचारलं की अंदाजपत्रकात एकच पुस्तक बसतंय, तर कोणतं घेऊ? 'स्केलेटन क्रू' घ्या, १९८५चा कथासंग्रह. मात्र नेणाऱ्याला एवढं सांगा की पहिलीच कथा 'द मिस्ट' शंभराहून अधिक पानांची आहे, तिथे अडकू नकोस. 'ग्रॅमा' शेवटून तिसरी आहे.