कुप्याचा गळ, कासवाचा जीव

कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर गावचे मच्छीमार दोर-गळाच्या मासेमारीत पटाईत. कुपा, म्हणजे ट्यूना, आणि मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, शोधात ते पश्चिम किनाऱ्यालगत थेट आपल्या कोकणापुढच्या खोल समुद्रापर्यंत येतात. पाण्यात एक लांब दोर सोडायचा, त्याला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या आणि प्रत्येक दोरीला आमिष लावलेला गळ. जाळ्यापेक्षा हा प्रकार निवडक खरा, पण गळाला कासवही लागतं.

इथे गळाचा आकार महत्त्वाचा. नेहमीचा इंग्रजी जे अक्षरासारखा गळ कासव गिळतं आणि तो घशात, पोटात रुततो. टोक आत वळलेला गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. मग तो काढून कासवाला सोडता येतं, मात्र होडीवर दोर कापायचं आणि गळ सोडवायचं अवजार हवं. माकुळाऐवजी माशाचं आमिष लावलं, दोर अधिक खोल सोडला, तरी कासवं कमी अडकतात. नको असलेली मुशीही सुटू शकते: गळाजवळ तारेऐवजी नायलॉनची दोरी असेल, तर मुशी ती चावून तोडते आणि निसटते.

पैशाचं गणित मात्र बर्फात आहे. झुंजलेल्या कुप्याचं अंग तापतं, मांसाचा दर्जा उतरतो. त्याचं रक्त लगेच काढून त्याला बर्फात ठेवलं, तर थोड्या माशांतही चांगला भाव मिळू शकतो. त्यासाठी होडीत पुरेसा बर्फ आणि नीट थंड राहणारा कप्पा हवा. लहान होडीवाल्याची अडचण बहुतेकदा तिथेच असते.