घरकुलाचा पैसा व आपला हिशेब
(बुलढाणा जिल्ह्यातील सभेपुढील भाषण)



खामगाव, मलकापूर, चिखली येथील वस्त्यांत राहणारे आम्ही कष्टकरी आहोत. २०१५ साली शहरांसाठी पंतप्रधान आवास योजना निघाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणारास केंद्राचे १॥ लाख व राज्याचा १ लाख ठरला. पण आधी जागेचा कागद हवा, आणि रक्कम मिळायची ती बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने! ज्याच्यापाशी कागदच नाही, तोच सर्वांत गरीब, तोच यादीबाहेर. पाया घालण्यास सावकार गाठावा लागला, तर मदतीचेच कर्ज होते. नळ, गटार, दिवाबत्ती यांचा पैसा नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी ठरतो. सबब यादी व अंदाजपत्रक वाचून घ्या, न वाचता आले तर मुलांकडून वाचवून घ्या. कर आपण भरतो. हिशेबही आपणच मागू या!