ताणलेल्या तारेचें कुंपण

काटेरी तारेचें पेटंट अमेरिकेंतील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यास १८७४ सालीं मिळालें. ती तार जनावर अडविते खरी, परंतु भेदरलेल्या मेंढीचें कातडेंही फाडते. न्यूझीलंडच्या कुरणांभोंवतीं गुळगुळीत पोलादी तार दिसते. जाडी अवघी २.५ मिलिमीटर, पण प्रत्येक तारेस सुमारें १०० किलो वजनाइतका ताण दिलेला. ८ तारा म्हणजे कोपऱ्यांतील खांबावर ८०० किलो! म्हणून तो खोल पुरून त्यास तिरपा टेकू देतात. घाईचा मनुष्य नेमका येथेंच चुकतो, आणि एका रात्रींत कळप रानोमाळ होतो. मधल्या खांबांवर खिळे मात्र घट्ट ठोकावयाचे नाहींत. तार त्यांखालून सरकली पाहिजे. मग मेंढी आदळली तरी धक्का तारेच्या साऱ्या लांबीवर वांटला जातो; तार लवते, आणि मेंढीला मागें सारून पुन्हां सरळ होते.