बोर्डिंगचा दरवाजा आणि वाचनालयाचा दरवाजा

(भाषण)



बाजाराला किंवा कोर्टकचेरीला कोल्हापुरांत आलेला खेड्यांतील माणूस अंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळा पाहतो आणि परतीची गाडी धरतो. दसरा चौकांत शाहू महाराजांच्या पुतळ्याला तो हात जोडतो. पण जवळच्या बोर्डिंगांच्या इमारतींकडे त्याचें लक्ष जात नाहीं. आज आम्हांस त्या इमारतींविषयींच बोलावयाचें आहे.

या शहरांत ग्रंथालय १८५० सालीं निघालें. करवीर नगर वाचन मंदिर तें हेंच. पण त्या काळीं नांगर धरणाऱ्याच्या किंवा मडकीं घडविणाऱ्याच्या मुलाला त्या ग्रंथांचा काय उपयोग होता? कपाटाला कुलूप नसलें, तरी ज्याला अक्षर येत नाहीं त्याला पुस्तक बंदच. अक्षर यावयाचें तर शाळा हवी. वरची शाळा शहरांत, म्हणून खेड्यांतल्या पोराच्या डोक्यावर येथें छप्पर हवें आणि ताटांत भाकरी हवी. ही साधी अडचण महाराजांनीं ओळखली.

१९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच सालीं जैनांचें, १९०६ सालीं मुसलमानांचें, १९०७ सालीं लिंगायतांचें आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. शिंपी, सोनार यांचींही झालीं. पुढें १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें. वाचनालयाचा दरवाजा आमच्यासाठीं खरा उघडला तो या बोर्डिंगांच्या दरवाजांतून.

कोणी म्हणतील, जातवार बोर्डिंगांनीं जातच पक्की केली. आम्ही म्हणतों, ती पहिली पायरी होती. पायरी चढण्यासाठीं असते, बसून राहण्यासाठीं नव्हे. बसून राहिलों तर दोष पायरीचा नाहीं, आमचा आहे.

आतां कामाची गोष्ट. आमच्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे या बोर्डिंगांत राहून शिकले. ते कोणत्या गांवाहून चालत आले, काय खाल्लें, कोणाचीं पुस्तकें मागून वाचलीं, हें कोठें लिहिलेलें आहे? एखादी पावती, एखादें पत्र, मुलांच्या रांगेचा एखादा फोटो घरच्या पत्र्याच्या पेटींत असतो, आणि दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्याकडे जातो. मग आमचा इतिहास कोणी लिहिला नाहीं म्हणून आम्हींच रडतों!

तेव्हां घरोघरीं जाऊन पेटी उघडा. म्हाताऱ्यांना विचारा, मुलांकडून लिहून घ्या, आणि एक प्रत वाचनालयांत नेऊन द्या. ज्या कपाटांतलें आमच्या पणजोबांना वाचतां आलें नाहीं, त्या कपाटांत त्यांचें नांव आम्हींच ठेवलें पाहिजे.