काठ किती लांब आहे?



अध्यक्षाने पॅरामोटर-पॅराग्लायडिंगच्या आपल्या खेळाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. तो मोडून मी एकच विषय धरणार आहे, पाण्यालगत उडण्याचा. आपण कामशेतला जमलो आहोत, पवनेचा जलाशय जवळच आहे. कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या मंडळींच्या तर दारातच समुद्र.

पाण्याची ओढ मला कळते. तिथे झाड नाही, सकाळच्या हवेला धक्के नाहीत. 200 मीटर उंचीवर ताशी 40 किलोमीटर म्हणजे आपण जागेवर लटकल्यासारखं वाटतं. तोच वेग पाण्यापासून मीटरभर वर अंगावर येतो. मग एक पाय खाली जातो, बुटाची टाच पाण्यावर रेघ ओढते आणि काठावरचा मित्र व्हिडिओ काढतो. त्या व्हिडिओला मिळणाऱ्या टाळ्यांत आपण ज्येष्ठ मंडळीही सामील असतो, हे इथे बोलून टाकलेलं बरं.

आता त्या मीटरभर उंचीवर काय घडतं ते पाहा. इंजिन चालू असताना त्याच्या ढकलण्यामुळे आपण विंगच्या किंचित पुढे झुललेले असतो. इंजिन अचानक बंद पडलं की शरीर मागे येतं, विंग पुढे झेपावते आणि ती सावरेपर्यंत उंची जाते. 50 मीटरवर हा झोका पोटात गोळा आणतो, एवढंच. मीटरभरावर तो थेट पाण्यात नेतो, हात ब्रेकवर यायच्या आत. आणि आपली टू-स्ट्रोक इंजिनं बंद पडतात. प्लग, कार्बोरेटर, इंधनातला कचरा, कारण काहीही असो. हा दिवस कधीतरी येणार हे धरूनच आपल्याला उडायला शिकवलेलं असतं.

दुसरी अडचण डोळ्यांची. वारा पडलेला असताना पाणी आरशासारखं होतं आणि आपण त्यापासून किती वर आहोत हे डोळ्यांना सांगता येत नाही. सी-प्लेनचे वैमानिक हे फार पूर्वी शिकले. अशा पाण्यावर उतरताना ते नजरेवर विसंबत नाहीत. विमानाचं नाक आणि इंजिनची ताकद ठरवून घेतात आणि पाणी लागेपर्यंत हळूहळू खाली येत राहतात. आपल्याला जी शांत, चकचकीत सकाळ सर्वात सुरक्षित वाटते, तिलाच ते बिकट मानतात.

पाण्यात पडल्यावरचं संकट वेगळंच. पाठीवर 25-30 किलोचं इंजिन, मांड्यांना पट्टे, छातीवर बकल. वजन पाठीशी असल्याने माणूस हवा तसा तरंगत नाही. टाकी, सीट आणि इंजिन जसं वळवतील तसा वळतो. वरून विंग येते. तिच्या बारीक लाइन्स पायांत अडकतात, पाय मारावेत तशा आवळतात. कप्प्यांत पाणी शिरलं की तीच विंग नांगर होते, आणि प्रवाह असेल तर नांगर ओढायलाही लागतो. उत्तम पोहणारा इथे वाचतोच असं नाही, कारण पोहायला हातपाय मोकळे असावे लागतात.

पाणी खोल असावं लागतं, असंही नाही. 6 जून 1944 च्या पहाटे नॉर्मंडीत मेर्देरे नदीच्या पूर आणलेल्या शेतांत अमेरिकी छत्रीधारी सैनिक उतरले. पाठीवर ओझं, अंगावर पट्टे. कित्येक जण उथळ पाण्यात बुडाले. त्यांच्या हार्नेसला तीन ठिकाणी हूक होते. ब्रिटिश सैनिकांकडे एका झटक्यात सुटणारं बकल होतं. तेव्हा आपल्या हार्नेसची बकलं गार पडलेल्या हातांनी, न बघता, एकामागून एक सुटतात का, हा प्रश्न विंगच्या रंगापेक्षा महत्त्वाचा.

वैमानिक ह्यूबर्ट लॅथम यांचं उदाहरण याच्या उलट. 19 जुलै 1909 रोजी इंग्लिश खाडी ओलांडताना त्यांचं इंजिन बंद पडलं आणि ते समुद्रात उतरले. त्यांचं लाकडी विमान तरंगत राहिलं आणि सोबतीला असलेल्या ‘आर्पों’ या फ्रेंच युद्धनौकेने त्यांना उचललं. सहा दिवसांनी त्यांचे प्रतिस्पर्धी ब्लेरियो पलीकडे पोचले आणि इतिहासात गेले. लॅथम वाचले ते तरंगणाऱ्या यानामुळे आणि मागावर असलेल्या बोटीमुळे. आपलं यान तरंगत नाही. आणि बोट? पवनेवर सकाळी सहाला कोणाची बोट सोबत असते?

यावर उत्तर म्हणून फ्लोट दाखवले जातात. पाणी लागताच आपोआप फुगणारे, इंजिनच्या चौकटीला बांधलेले फ्लोट मी आवश्यकच मानतो. चौकटीला, हे मुद्दाम म्हणतो. हार्नेसच्या पट्ट्यांखाली घातलेलं जॅकेट फुगलं की छाती आवळली जाते आणि बकल हाताला लागत नाही. पण फ्लोट बसवले म्हणून आणखी खाली उतरणारेही आपल्यातच आहेत. त्यांच्याशी माझं पटत नाही.

माझा आग्रह असा, की आपल्या शिकवणीतून ‘पाण्यावर किमान इतके मीटर’ हा नियम काढावा. उंची काठाच्या अंतरावरून ठरावी. इंजिन बंद असताना पंख्याच्या पिंजऱ्यासकट आपली विंग एका मीटर उंचीला साधारण सहा मीटर पुढे जाते असं धरा. म्हणजे 60 मीटरवरून 360 मीटर. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल, तर 40 ने उडणाऱ्याचं ते अंतर निम्म्यावर येतं, 180. कोकणच्या मंडळींनी इथे कान द्यावेत. आपण पहाट निवडतो, कारण खारे वारे दुपारचे. पण पहाटे वाहतो तो मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. इंजिन बंद पडलं की किनाऱ्याकडे परतताना तोच तोंडावर असतो. खाडीत तर यावर विजेच्या तारांची भर. खांब दोन्ही काठांच्या झाडीत, तारा मधोमध, आणि खालून येणाऱ्याला त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

हा नियम मान्य करायचा की नाही, ते दुपारच्या सत्रात ठरवू. विरोध असणाऱ्यांनी जरूर बोलावं. उद्या सकाळी सात वाजता पोहण्याच्या तलावात जुन्या हार्नेससकट उलटं पडून बकल सोडण्याचा सराव ठेवला आहे. तलावाजवळ जीवरक्षक आणि पट्टे कापायची हूक नाइफ घेतलेले दोघे असतील. बकल कुठे आहे हे हातांना ठाऊक असल्याची ज्यांना खात्री आहे, त्यांची नावं मी आधी घेतली आहेत.